खतांपुढची सही

देवापुढं काडी ओढली की त्या गंधकाच्या वासानं मला गिरणीच्या रंगखात्यातून घरी आलेले वडील आठवतात. बारावीला रसायनशास्त्रात 'रंग' किंवा 'खतं' यांतलं एकच प्रकरण निवडायचं होतं. सोलापुरात निम्म्या वर्गाच्या घरी माग, तरी बहुतेकांनी खतं घेतली, ती सोपी म्हणे. सह्यांचा कागद वर्गात फिरत असताना सरांनी विचारलं, "निळ्या रंगाच्या टाकीतून सूत पिवळट निघतं, मग निळं कशानं होतं?" वडिलांना डबा द्यायला गेले की मी ते रोज पाहायची. दांडीवरचं ओलं सूत हवा लागताच हिरवट, मग निळं व्हायचं. पण सांगितलं असतं, तर तुला कसं माहीत, असं सरांनी विचारलं असतं, आणि वडील सूत रंगवतात हे सगळ्या वर्गापुढं सांगावं लागलं असतं. मी मान खाली घालून खतांपुढं सही केली. संध्याकाळी वडील मोरीत दगडानं नखं घासत होते. त्यांतला निळा कधीच जात नसे. "काय घेतलंस?" "खतं."  घासता घासताच ते म्हणाले, "आपल्याला शेत कुटं हाय?" खतांत मला चांगले मार्क पडले, पण त्यातलं आता काही आठवत नाही. सूत निळं कसं होतं ते मात्र परवा नातीला सांगितलं. "आजी, तुला कसं माहीत?" तिनं विचारलंच.