बाशिंगाचं माप

घुग्घुसला ट्रकच्या बॉड्या ठोकण्यात माझं आयुष्य गेलं. चार बाजू आणि मागं एक फाळका, यापलीकडे त्यात डोकं चालवायला वाव नाही. म्हणून मोबाईलवर ती जुनी इटालियन स्पोर्ट्स कार पाहिली आणि मी कामातून गेलो. उंची जेमतेम कमरेइतकी, आकार लाकूड फोडायच्या पाचरीसारखा, आणि दारच नाही. समोरची काच पेटीच्या झाकणासारखी उचलायची आणि आत शिरायचं. खाली लिहिलं होतं, अशी गाडी एकच बनवली, विकायला कधी आलीच नाही, पण पुढच्या कितीतरी गाड्यांनी तिचं नाक घेतलं.

त्याच आठवड्यात अहेरीहून बहिणीचा फोन. भाच्याचं लग्न. जानवशातून नवरदेवाला मांडवात आणायचा मान मामाचा. मी बोलून बसलो, "तुह्या पोराले अशा गाडीत आणतो, का तशी जगात दुसरी नसंल." पहिली इटलीत आहे, हे सांगायचं राहिलं. बहिणीने ते व्याह्यांना सांगितलं, व्याह्यांनी अख्ख्या गावाला.

भंगारातली एक छोटी मोटार आणली, टप कापला, ट्रकचा उरलेला पत्रा चढवला. भाचा येऊन आत बसून, खरं तर निजून, पाहून गेला. काच लावल्यावर डोक्यावर चार बोटं जागा उरली. मी स्वतःवर इतका खूश की सगळ्या मिस्त्र्यांना जिलेबी वाटली.

लग्नाच्या सकाळी भाचा कपाळाला हातभर उंच बाशिंग बांधून आला. आत शिरला. मी काच खाली घेतली, ती बाशिंगावर अडली.

"भाऊ, बाशिंगाचं माप घेतलं होतं ना?" बहीण म्हणाली.

काढून मांडीवर ठेवू म्हटलं, तर तिने माझ्याकडे असं पाहिलं की मीच मान खाली घातली. एकदा बांधलेलं बाशिंग लग्न लागेपर्यंत सोडत नाहीत, हे मी स्वतः दहा लग्नांत दुसऱ्यांना सुनावलेलं. मुहूर्ताला अर्धा तास. दुसरी गाडी नव्हती, कारण मीच सांगू दिली नव्हती. बहिणीचे डोळे भरून आले.

"अख्खं गाव वाट पाहून राह्यलं. माह्या लेकाले आता पायदळ नेतं का?"

मार्ग भाच्यानेच काढला. "मामा, काच राहू द्या वरतच. मी उभा राह्यतो, तुमी चालवा."

निघालो. तो कमरेपासून वर बाहेर, मी खाली आडवा, अर्ध्या रस्त्याच्या जागी मला त्याचं धोतरच दिसायचं. म्हैस कुठं, खड्डा कुठं हे तो वरून सांगायचा, मी खालून वळवायचो. बँडवाल्यांना माझ्या वळवण्याचा भरवसा नसावा, ते वाजवत वाजवत जवळजवळ पळत होते. वेळेत पोचलो.

नवरीची आत्या म्हणाली, बाकीचे नवरदेव गाडीत दडून येतात, हा निदान दिसला तरी. ते ऐकून बहीण हसली, आणि मंगलाष्टकं सुरू झाली तरी तिचं हसू थांबेना.

नंतर इंजिन काढलं आणि ती पाचर बहिणीच्या अंगणात राहिली, कोंबड्यांसाठी. उतरत्या नाकावरून पाणी ओघळून जातं, मांजराचा पाय ठरत नाही, आणि सकाळी सूनबाई काच उचलते तशा कोंबड्या ऐटीत बाहेर पडतात. त्याच वळणाची आणखी तीन खुराडी मी अहेरीत पाहिली आहेत.

परवा मी अहेरीला असताना बहिणीची शेजारीण सुतळी घेऊन या खुराड्याचं माप काढायला आली. मी तिला थांबवलं.

"बाई, तुमच्या कोंबड्याचा तुरा किती उंच आहे, ते आधी सांगा."