बरे न झालेल्यांचे फोटो

फोन आला तेव्हा मी नेवाशाच्या घरी चहाचे कप विसळत होतो. दवाखान्यात थांबलेला मेहुणा एवढंच म्हणाला, "दाजी, ताई गेली." मी "बरं" म्हणालो आणि उरलेला कप विसळला… अजून तसंच चाललंय. रडू येत नाही.

शैला, माझी बायको, हायस्कुलात विज्ञान शिकवायची. पोरांनी काही ऐकीव सांगितलं तर रागवायची नाही, "हे खोटं असतं तर आपल्याला कसं कळलं असतं?" एवढंच विचारायची. कॅन्सर निघाल्यावर डॉक्टरांनाही तिनं असंच खोदून विचारलं आणि पटल्यावरच केमो सुरू केली. माझ्या आईला मात्र धीर निघेना. राहुरीच्या पुढं एक महाराज मंतरलेलं पाणी देतात, असं तिनं ऐकलं होतं. "लई जनांना गुन आलाय पोरी, माझ्यासाठी तरी चल," म्हणून ती रडली. शैला तिच्याबरोबर गेली. मलाही मनातून तेच हवं होतं.

तिथल्या भिंतीवर बरे झालेल्यांचे फोटो होते. शैलानं ते सगळे शांतपणे बघितले आणि सेवेकऱ्याला विचारलं, "ज्यांना गुण आला नाही, त्यांचे फोटो कुठं लावता?"

"तसं कुनी न्हाई, ताई."

"पाणी नेलेल्यांचं पुढं काय झालं, हे बघतं कोण?"

तो पुढच्या माणसाची बाटली भरू लागला. आईनं तरी एक बाटली घेतलीच. शैला ते पाणी प्यायली नाही.

शेवटी शेवटी, एका दुपारी ती म्हणाली, "मी गेले तर लोक म्हणतील, पाणी प्यायली असती तर वाचली असती. तुम्ही काय म्हणाल?"

"खोटं आहे म्हणेन."

"नुसतं खोटं म्हणू नका. प्यायलेले कुठं आहेत, ते विचारा."

दहाव्याला चुलती तेच बोलली. माझ्या आधी आईच म्हणाली, "आपल्या शेजारची गंगू पेली हुती की ते पानी. ती कुठं हाय आता?"

स्वयंपाकघराच्या खिडकीत मेथीच्या दोन कुंड्या आहेत. आजारपणातच शैलानं पेरलेल्या. एकीला बाटलीतलं पाणी, दुसरीला नळाचं. कोणती कुठली हे तिनं मुद्दाम कुणाला सांगितलं नव्हतं, बघणाऱ्याचं मन आधीच एका बाजूला झुकू नये म्हणून. बघून काही ओळखता येत नाही. मेथी जून होऊन फुलावर आलीय. आई ती खुडू देत नाही. सकाळी उठून दोन्हींना नळाचं पाणी घालते.