दसऱ्याला बंद केलेला सर्व्हर

मोताळ्यातल्या आमच्या शिक्षणसंस्थेत सर्व्हर आला, तेव्हा त्याच्या काळ्या पडद्यावर ऑपरेटिंग सिस्टीम विकणाऱ्या कंपनीचं नाव झळकायचं. आम्ही रीतसर परवाना घेतलेला, त्यामुळे माझ्यासारख्या कारकुनाचीही ऐट वाढली. पुढे ती कंपनी दुसरीनं घेतली, दुसरीनं सिस्टीम तिसरीला विकली. आमच्या पडद्यावर मात्र पहिलंच नाव राहिलं. चालतंय ना, मग झालं, असं मी म्हणत राहिलो. सगळे निकाल त्यात चढवून कागदी रजिस्टरंही मीच हट्टानं रद्दीत घातली.

यंदा दसऱ्याला मी घोळ घातला. त्या दिवशी आमच्याकडे यंत्राची पूजा करतात, त्याला राबवत नाहीत. हा बिचारा वर्षानुवर्षं अखंड चालू होता. मला त्याची दया आली. बंद केला, हळदकुंकू लावलं, झेंडूची माळ घातली. दुसऱ्या दिवशी सुरू केला, तर बंद असताना तारीख-वेळ जपणारी आतली बॅटरी केव्हाच मेलेली. तो तारीख विसरला होता आणि परवाना नव्यानं नोंदवल्याशिवाय आतलं काहीच दाखवत नव्हता.

नेमकी तेव्हाच दुसरबीडहून एक बाई आली. माहेर मोताळ्याचं, बालवाडी शिक्षिकेचा कोर्स तिनं आमच्याकडे केलेला. प्रमाणपत्र वाळवीनं खाल्लं होतं आणि उद्या तिची मुलाखत होती. दुसरी प्रत मिळाली तरच नोकरीची आशा.

मी फोन लावत सुटलो. पहिल्या कंपनीचा नंबर अस्तित्वातच नव्हता. दुसरी म्हणाली, सिस्टीम आता आमची नाही. तिसरी म्हणाली, सिस्टीम आमची आहे, पण तुमचा परवाना आम्ही दिलेला नाही. रागवायचं तरी कोणावर?

"सर, कंपनी कोनाचीबी असो," बाई म्हणाली, "मार्क तं माहेच हायेत ना?"

"हाव."

"मंग मले भेटून काऊन नाही राह्यले?"

मी पुन्हा बटण दाबलं, पुन्हा पडद्यावर परवान्याचीच मागणी. शेवटची एसटी पाचची होती. बाई पिशवी घेऊन उठली, दारापर्यंत गेली आणि थांबली.

"सर, मी पास झालती ना खरंच?"

मी लगेच हाव म्हणालो. पण मला तिचा निकाल आठवत नव्हता.