घेवड्याचा वेल

लग्न होऊन भोसरीत आले तेव्हा आईनं माझ्या पदराला घेवड्याचं बी बांधून दिलं होतं. भाड्याची एकच खोली, तिला एकच खिडकी. तुपाच्या रिकाम्या डब्यात माती भरून मी बी टोचलं आणि डबा खिडकीत ठेवला.

ह्यांना कंपनीत कायमची रात्रपाळी. सकाळी येऊन आडवे व्हायचे, पण उजेडानं डोळा लागायचा नाही. म्हणून त्यांनी तावदानांवर वर्तमानपत्रं चिकटवली. दिवसभर अंधार. स्टोव्ह पेटवायचा नाही, भांडं वाजवायचं नाही, मी नुसती भिंतीला टेकून बसून असायची. माहेरी असं कुणी मेल्यावर बसतात.

कोंब आला तो पांढुरका, दोऱ्यासारखा. कागद एका कोपऱ्यात फाटला होता, तिकडं वाकलेला. मी डबा फिरवून ठेवला, तर दोन दिवसांत पुन्हा तिकडंच वळला.

एका दुपारी मी हळूच कागद सोलायला लागले. हे जागे झाले.

“अगं, झोप झाली नाही तर मशीनमध्ये हात जाईल माझा.”

“आणि हा मरतोय, त्याचं काय?” एवढं बोलले आणि मला रडूच कोसळलं.

वेलासाठी कुणी एवढं रडतं का, असं त्यांनी विचारलं नाही. उठले, खालच्या तावदानाचा कागद काढला आणि तोंडावर टॉवेल घेऊन भिंतीकडं वळून झोपले.

पानं हिरवी झाली. वेल गजाला धरून चढायला लागला. तेवढ्यात घरमालकानं शेजारच्या मोकळ्या जागेत वर्कशॉपसाठी पत्र्याची शेड घातली, आमच्या खिडकीपासून हातभर अंतरावर. मी मालकीणबाईंकडं गेले. “काकू, खोलीत उजेडच येत नाही हो.”

“मग दिवा लावा की,” त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी हे कामावरून आले, खिडकीपुढं उभे राहिले. “आता कागदाची गरज नाही,” म्हणाले आणि उरलेले कागदही त्यांनी ओढून काढले.

वेल लगेच मेला असता तर बरं झालं असतं. तो वाढतच राहिला. गजांतून बाहेर, पत्र्याच्या वरच्या फटीकडं. लांबच लांब, फिकट, पानं नावाला. फूल धरलं नाही. संक्रांतीच्या आधी बुडातून सडला.

हे झोपलेले असताना मी डबा उकिरड्यावर उपडा केला आणि परत येऊन ह्यांच्या उशाशी बसले. भर दुपार होती, तरी मला त्यांचा चेहरा दिसत नव्हता.