तीन मोठा का दोन

"तीन मोठा का दोन? सांग नं सगळ्यायसमोर."

आमच्या प्राचार्य सरांनी हे विचारलं तेव्हा टेबलाभोवती खरेदी समितीचे चार जण बसले होते. मी उभी. हातात चहाचा ट्रे. शिपाई सुट्टीवर असला की चहा माझ्याच गळ्यात पडायचा.

मी म्हटलं, "तीन."

चौघंही हसले.

मी जामजवळच्या खेड्यातली. घरी भाजीपाल्याचं वावर, आई समुद्रपूरच्या बाजारात मेथी-पालक घेऊन बसते. संगणकाची पदविका करून मी तालुक्यातल्या एका खासगी संस्थेत लॅब सहायक म्हणून कंत्राटावर लागले होते. ऑनलाइन परीक्षांसाठी संस्थेला वीस लॅपटॉप घ्यायचे होते. दोन मॉडेल समोर होती. एकाचा प्रोसेसर दोन कोअरचा, वेग तीन पॉइंट चार गिगाहर्ट्झ. दुसऱ्याचे सहा कोअर, वेग दोन पॉइंट एक. किंमत जवळपास सारखीच. पहिलं मॉडेल जुनं, सरांच्या ओळखीच्या दुकानात पडून राहिलेलं.

मी एक पानभर लिहून दिलं होतं. कोणी मागितलं नव्हतं. परीक्षेत कॅमेरा, स्क्रीनचं रेकॉर्डिंग आणि पेपर, सगळं एकाच वेळी चालतं. गिगाहर्ट्झ म्हणजे हात किती भरभर चालतो. कोअर म्हणजे हात किती. आणि नवा प्रोसेसर कमी आकड्यातही जास्त काम काढतो. शेवटी लिहिलं होतं, दोन बाया कितीही चपळ असल्या तरी सहा बायांएवढा कापूस वेचत नाहीत.

सरांनी नेमकं तेच वाक्य मोठ्यानं वाचलं. दोनदा.

"हे कापूस वेचनं नाई. तुमच्या लोकायले वावरच समजते. तू मेथीच्या जुड्या बांध, प्रोसेसर आमी पाहून घेऊ."

मग त्याच कागदावर त्यांनी कप ठेवला. मी रिकामे कप उचलले आणि बाहेर आले. ते हसले त्याची लाज मला वाटत नाही. मी गप्प राहिले, त्याची वाटते.

दोन कोअरचे लॅपटॉप आले. मी कॅमेरा आणि रेकॉर्डिंग लावून पाहिलं, माऊससुद्धा अडकला. सरांना सांगितलं. ते म्हणाले, चालते.

प्रवेश परीक्षेच्या दिवशी अकराव्या मिनिटाला स्क्रीन गोठायला लागले. कॅमेरा बंद पडला की परीक्षेचं सॉफ्टवेअर मुलांना कॉपी करणारे समजून बाहेर काढायचं. वीसपैकी तेरा जण बाहेर फेकले गेले. कारंजा घाडग्याहून पहाटेची एसटी धरून आलेली एक मुलगी माझा हात सोडेना.

"ताई, मी काईच नाई केलं."

मला माहीत होतं. माझ्या हातात काही नव्हतं. फेरपरीक्षा मिळाली नाही.

वर्ध्याहून चौकशी येणार म्हणून सरांनी बोलावलं. पहिल्यांदाच बसायला खुर्ची दिली. टाइप केलेला कागद पुढे सरकवला. विद्यार्थ्यांनी सूचना न पाळल्यामुळे यंत्रं बंद पडली, असं त्यात होतं. खाली माझं नाव.

"सही कर. कंत्राट वाढून जाईन. नाई तं तुह्यावरच येते."

"मी लिहून देल्लं होतं, सर. दोन कोअरवर चालनार नाई म्हणून."

"कुठं हाय तो कागद?"

माझ्याजवळ प्रत नव्हती. मी खुर्चीवरून उठले.

"कागद नाई. मी हावो नं."

सही केली नाही.

कंत्राट संपलं. चौकशीत चूक माझीच निघाली, आणि त्या तेरा जणांवरचा कॉपीचा ठपकाही तसाच राहिला. वर्ध्याच्या जिल्हा कार्यालयात मी अर्ज दिला, त्यांनी शिक्का मारून पोच दिली. पुढे काही नाही. कारंज्याच्या मुलीचं त्या उन्हाळ्यात लग्न लावून दिलं. फोन केला तर म्हणाली, राहू द्या आता, ताई. तेच लॅपटॉप अजून त्याच लॅबमध्ये आहेत. पुढची परीक्षाही त्यांच्यावरच होईल.

कोणी ऐकेल असं मला वाटत नाही. तरी दर महिन्याला अर्ज नेते. त्या तेरा जणांची चूक नव्हती, हे त्यातलं पहिलं वाक्य. खाली तेराही नावं, मग माझी सही. गेल्या खेपेला बाबू म्हणाला, आता घेणार नाही. मग दारात उभी राहून वाचीन. सगळी नावं. मोठ्यानं.