ओझं उतरवायचा ओटा

मध्यंतरी एक गृहस्थ आमच्या दुकानासमोर उभे राहून मोबाइलवर फोटो काढत होते. जुन्नरच्या जुन्या पेठेत आमचं घोंगड्यांचं दुकान आहे. वडील गेल्यापासून ते मीच चालवते. गिऱ्हाईक असेल म्हणून मी उठून पुढे आले आणि काय दाखवू असं विचारलं.

"नको, घ्यायचं काही नाही," ते म्हणाले. "बंद व्हायच्या आधी एक फोटो असावा म्हटलं."

"कोण बंद होतंय?"

ते नुसते हसले. आजारी माणसाला भेटायला गेल्यावर आपण हसतो तसं. संध्याकाळी तो फोटो गावच्या जुन्या आठवणींच्या ग्रुपवर आला. खाली लिहिलं होतं, 'आता उरल्या फक्त आठवणी.' त्याखाली जोडलेले हात आणि रडके चेहरे. हात जोडणाऱ्यांतले निम्मे लोक माझ्याच दारात गाडी आडवी लावून समोरच्या दुकानात मोबाइलची काच बसवायला जातात, हे मला पक्कं ठाऊक आहे. मीही लिहिलं, 'दुकान रोज सकाळी उघडतं. आठवणी राहू द्या, घोंगडी न्या.' त्यावर मात्र कुणी हात जोडले नाहीत.

मला जुन्याचं कौतुक नाही, हे आधीच सांगून टाकते. नव्या घोंगडीला ताठपणा यावा म्हणून चिंचोक्याची खळ लावतात. ती खळ शिजवायचं काम लहानपणी माझ्या गळ्यात होतं आणि तो वास मला अजून सहन होत नाही. आता घोंगड्या खळ लावूनच येतात, फार बरं झालं. मी व्हॉट्सअ‍ॅपवर ऑर्डर घेते, गल्ल्यावर स्कॅनर लावलाय. आमच्या पेठेतला कल्हईवाला गेला तेव्हा मी डोळ्याला पदर लावला नाही. घरोघर स्टील आलं, कल्हई लागणार कुणाला? जे लागत नाही ते जावं. माझं भांडण आहे ते लागणारी गोष्ट घालवणाऱ्यांशी. आणि आमच्या दुकानाचा ओटा लागत होता.

तो साधा बसायचा ओटा नव्हता. काळ्या दगडाचा, बाईमाणसाच्या छातीला लागेल इतका उंच. लहानपणी मला त्यावर उचलून बसवावं लागे आणि बसल्यावर पाय अधांतरी लोंबत. एवढा उंच का, असं शहरातली माणसं विचारायची. डोंगरातली विचारायची नाहीत. डोक्यावर जड ओझं असलं की ते एकट्याने जमिनीवर ठेवता येत नाही. उचलायला जसं दुसरं माणूस लागतं, तसं उतरवायलाही लागतं. पण समोर छातीएवढा दगड असला की जवळ जायचं, गुडघ्यांत जरा वाकायचं, मान पुढे करायची. ओझं आपोआप दगडावर सरकतं. परत घेताना त्याच्याखाली डोकं द्यायचं आणि सरळ उभं राहायचं. कुणाला हाक मारायला नको, कुणाचे उपकार नकोत.

बाजाराच्या दिवशी सकाळच्या एसट्या आल्या की ओटा भरून जायचा. पश्चिमेकडून तांदूळ, नाचणी, हिरडा यायचा. पूर्वेकडून येडगावच्या बाजूचे मेंढ्या राखणारे बाजरी घेऊन यायचे. माणसं ओझं ठेवायची, आत डोकावून "नदर असूंद्या" म्हणायची आणि बाजारात जायची. घोंगडी घेतलीच पाहिजे असं काही नव्हतं. वडील आपल्या जागेवरून मान हलवायचे, तेवढीच पावती.

त्यात एकदा भलताच घोटाळा झाला. घोंगड्या सगळ्यांनी आमच्याकडूनच घेतलेल्या, त्यामुळे काठ सारखे, आणि गाठोडी त्याच घोंगड्यांत बांधलेली. तळेघरची एक बाई डिंगोऱ्याला दिलेल्या आपल्या बाळंतीण लेकीसाठी तांदूळ घेऊन निघाली होती. लेकीच्या घरी जाऊन गाठ सोडते तो आत बाजरी. तिकडे येडगावच्या एका मेंढपाळाच्या घरी भाकरीसाठी पीठ दळायला घेतलं तर आत तांदूळ आणि तान्ह्या बाळाची झबली. पुढच्या बाजारी दोघंही आपापलं चुकलेलं ओझं घेऊन आले आणि एकमेकांना न शोधता सरळ ओट्यावर ठेवून मोकळे झाले. चूक झाली तर ती कुठे दुरुस्त होणार, हे दोघांना न सांगता माहीत होतं. मग वडिलांनी दोघांना बोलावून घेतलं. मेंढपाळ म्हणाला, "मावशी, झबली आमी घातली न्हाईत बरं का." बाई हसून हसून खाली बसली. जाताना तिने त्याला थोडा तांदूळ दिला, त्याने तिला थोडी बाजरी. त्या दिवसापासून ती बाई आमच्या घरच्यांची मावशी झाली.

मग रस्ता वर यायला लागला. कुणी एका दिवसात केलं असतं तर पेठ पेटून उठली असती. पण आधी खडी आली, मग डांबर, मग जुन्या डांबरावर नवं डांबर, मग त्यावर सिमेंट. खालचा थर खरवडून काढायचा असतो हे कुणाच्या डोक्यात आलं नाही, किंवा आलं तरी कष्ट कोण घेणार. दर निवडणुकीला रस्ता थोडा उंच झाला आणि ओटा तेवढाच खाली गेला. छातीवरून कमरेला आला, कमरेवरून गुडघ्याला. मग पायरीएवढा राहिला. दुकानं बसकी दिसायला लागली. शेजाऱ्यांनी एकेक करून ओटे फोडले, पुढे काचा लावल्या. एकाने पायरीवर कुणी बसू नये म्हणून कुंड्या मांडल्या, त्यातली रोपं वाळली तरी कुंड्या तिथेच. मी मात्र पायरीएवढ्या ओट्यालाही ओटाच म्हणत राहिले. कुणी हसलं तर हसू दे.

या वर्षी नाल्याचं काम निघालं. देखरेखीला आलेला इंजिनिअर वयाने लहान, बोलायला गोड. "काकू, ही पायरी जाणार. नाल्याच्या रेषेत येतेय. पण आम्ही तुम्हाला नवीन करून देऊ, टाइल्सची. एकदम मस्त दिसेल."

"दिसायला नकोय मला. ओझं ठेवायला हवीय."

"आता कोण आणतं हो डोक्यावरून ओझं? सगळ्यांकडे पिकअप आहेत."

"सगळ्यांकडे?" मी विचारलं. तो टेप गुंडाळायला लागला.

त्या रविवारी धाकटा भाऊ आला. चाकणला कंपनीत असतो, सुट्टीला येऊन दुकानात हातभार लावतो, मनाने वाईट नाही. त्याला ही बरी संधी वाटली. समोरच्या मोबाइलवाल्याला आमची जागा भाड्याने हवी होती. "ताई, नाही तरी पुढचं सगळं तोडणारच आहेत. देऊन टाकू. तू किती दिवस त्या घोंगड्या झटकत बसणार?"

मी उत्तर देणार तेवढ्यात बाहेर तळेघरच्या मावशी दिसल्या. साठी कधीच ओलांडलेली. पहाटे घरून चालत निघायचं, दोन गाड्या बदलून जुन्नरला यायचं, बाजार करायचा आणि मग डिंगोऱ्याची एसटी धरायची, हा त्यांचा नेम लेक दिली तेव्हापासूनचा. डोक्यावर नव्या तांदळाचं गाठोडं होतं. दारापुढे नाल्यासाठी आखलेली पांढरी फक्की आणि खडीचा ढीग. मावशी रस्त्याच्या मधोमध उभ्या राहिल्या, एका हाताने ओझं धरून, आणि मागून गाड्या हॉर्न वाजवत होत्या. बसायला जावं तर तोल जातोय. टाकावं तर तांदूळ रस्त्यावर सांडतोय. मी आणि भाऊ धावत गेलो आणि दोघांनी मिळून ते उतरवलं.

मावशी खडीवरच बसल्या. मानेवरून हात फिरवत म्हणाल्या, "बाय, आता माज्याच्यानं व्हत न्हाई. लई दिसांपासनं हितं वझं उतरंना झालंय. लेकीला सांगनार हाय, आता म्या येत न्हाई, तूच ये तिकडं."

मला काय वाटलं ते सांगते. राग आला. त्या बाईचा नाही. लेकीकडे जायचा तिचा रस्ता आमच्या रस्त्याने बंद केला होता आणि ती वयाला दोष देत होती, याचा राग आला. चार तालेवार माणसांची गाडी अडली असती तर दुसऱ्या दिवशी साहेब हजर झाले असते. हिची वाट अडली, तर ते वय झालं.

मी भावाला म्हटलं, "ओटा होणार."

"कुठे? नाल्यात?"

"दुकानात."

त्याला आधी समजलंच नाही. मी समजावून सांगितलं. दर्शनी भिंत आत ओढायची. रस्त्याने आमची पुढची जागा घेतली, तर मी माझी आतली जागा ओट्याला देणार. आत यायला बाजूने वाट ठेवायची. दुकान लहान होईल, होऊ दे. घोंगड्या वरच्या माळ्यावर जातील.

"ताई, तुझं डोकं फिरलंय. लोक रस्त्यावर पुढे सरकतात, तू मागे सरकतेस?"

"हो. मागे सरकूनच अडवणार आहे."

तो चिडून जेवायला गेला. दुपारी परत आला आणि घोंगड्यांच्या चळती उचलून माळ्यावर टाकायला लागला. जागा भाड्याने द्यायचा विषय त्याने पुन्हा काढला नाही.

नाला खणताना पायरीएवढा ओटा जेसीबीने उचकटला आणि त्याखाली आणखी दगड निघाले. रस्त्याखाली गाडले गेलेले ओट्याचे खालचे थर, जसेच्या तसे. बघायला पेठ जमली. ग्रुपवाले ते गृहस्थही आले, फोटो काढायला. मी म्हटलं, "फोटो नंतर काढा, आधी या दगडाला हात लावा." त्यांनी लावला, हे मात्र कबूल केलं पाहिजे. जेसीबीवाल्यानेही दगड ढिगात न टाकता एकेक करून माझ्या दारात आणून ठेवले.

गवंड्याला मी काम समजावून सांगितलं आणि घरी गेले. परत येऊन बघते तर त्याने छान बसायच्या उंचीचा बाक बांधायला घेतला होता. वर फरशी लावायचाही त्याचा विचार होता. "वहिनी, गिऱ्हाइकांना बसायला बरं पडंल," तो म्हणाला. मी ते उतरवायला लावलं. तो कुरकुरला. मी जाऊन त्याच्यापुढे उभी राहिले आणि माझ्या छातीशी आडवा हात धरला. "इथपर्यंत. आणि पुढची कड गोल. गाठोडं अडकता कामा नये." त्याने माझ्याकडे पाहिलं, डोकं खाजवलं आणि मग त्याला काय आठवलं कोण जाणे, स्वतःशीच म्हणाला, "आमची आय बी असंच ठेवायची वझं." त्यानंतर मला काही सांगावं लागलं नाही.

पेठेत बोलणारे बोलले. ओटा आहे की तटबंदी, असं एकाने विचारलं. मोबाइलवाल्याने सल्ला दिला की निदान 'येथे सामान ठेवावे' अशी पाटी तरी लावा. मी म्हटलं, पाटी लावून सांगावं लागलं तर तो ओटा कसला.

ओटा झाल्यावरच्या पहिल्या बाजारी मी सकाळी लवकर दुकान उघडलं. भाऊही आला होता. डोंगरातल्या गाड्या आल्या. एकदोन माणसं पुढून निघून गेली, मी हाक मारली नाही. भाजीवालीने येऊन तिची टोपली टेकवली. मग मावशी दिसल्या. लेकीला सांगितलं असावं, पण राहवलं नसावं. डोक्यावर ओझं, चाल तीच. दारापाशी आल्या आणि थांबल्यासुद्धा नाहीत. गुडघ्यांत वाकल्या, मान पुढे केली, गाठोडं दगडावर सरकलं. आत न बघताच म्हणाल्या, "नदर असूंदे गं," आणि बाजारात गेल्या.

मी भावाकडे पाहिलं. तो उगीचच घोंगडीची घडी घालत होता.

बाजार करून मावशी परत आल्या तेव्हा ओट्याजवळ घुटमळल्या. दगडावर हात ठेवला, मग स्वतःच्या छातीला लावला. पुन्हा दगडावर ठेवला. त्यांचा चेहरा बघून मला कळेना, हसताहेत की काय.

"बाय," त्या म्हणाल्या, "ह्यो वटा मदी खाली गेला व्हता का गं?"

"हो, मावशी. रस्ता वर आला होता."

"आगं मंग मला सांगायचं व्हतं की! म्या समदीकडं सांगत फिरले, आता माजं वय झालं म्हून."

"तुमचं वय नाही झालं, मावशी."

त्यांनी गाठोड्याखाली डोकं दिलं, सरळ उभ्या राहिल्या आणि डिंगोऱ्याच्या एसटीकडे चालायला लागल्या. मागून एक गाडी हॉर्न वाजवत होती. त्या बाजूला झाल्या नाहीत.