आफ्रिकेच्या जंगलात पायी

शिवाजी पार्कातल्या आमच्या बिल्डिंगमधले दुसऱ्या माळ्यावरचे काका आफ्रिकेच्या जंगलात आठ दिवस पायी फिरणार आहेत. तयारी म्हणून रोज सकाळी खाकी टोपी घालून मैदानाला एक फेरी मारतात आणि लिफ्टने वर जातात. मागून काकू, रांगेत, मुकाट्याने. "बोललीस की सिंह येतो, बरं का!" ही काकांची ताकीद. काकू भाजीवाल्याशी भांडल्या, तरी सिंह काही आला नाही.

मी गेटवरचा वॉचमन. आठवीत शाळा सोडून चंद्रपूरहून आलो, तेव्हा काकांनीच ही नोकरी लावली. म्हणून हसायचं ते मी पाठीमागे हसतो.

काल सकाळी ते सफरीचा एक फॉर्म घेऊन खाली आले. जनावराने मारलं तर कंपनी जबाबदार नाही, असं त्यावर लिहिलेलं. पेन उघडून नुसतेच उभे.

"तुझी आई वाघाच्या जंगलात मोहफुलं वेचते ना रे? तिला नाही का करावी लागत अशी सही?"

"नाही काका. घरी पोचली की मिस कॉल देते, तेवढंच. आज अजून आला नाही."

काकांनी पेन बंद केलं आणि माझ्याजवळ पायरीवर बसले. साडेअकराला फोन वाजला, तेव्हा माझ्याआधी तेच उठले.

सही अजून व्हायची आहे.